श्रमातली धाप आणि विश्रांतीतला अहवाल

वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढेमागे, पूर्वी सहज चढला जाणारा जिना चढताना धाप लागू लागली, तर ही तक्रार डॉक्टरांकडे घेऊन जाणाऱ्यांपेक्षा ती वयाच्या, वाढलेल्या वजनाच्या किंवा मोडलेल्या सवयीच्या नावे मांडून मोकळे होणारेच अधिक असतात. उलट कसलीही तक्रार नसताना, केवळ कार्यालयाच्या नियमाप्रमाणे केलेल्या संपूर्ण शरीर तपासणीत ईसीजीवर ‘एसटी-टी बदल’ किंवा एकोच्या अहवालात ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे छापून आल्यामुळे झोप गमावून बसणारेही थोडे नसतात. पहिल्यांची बेफिकिरी आणि दुसऱ्यांची धास्ती यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. धाप हे श्रमाच्या वेळी उमटणारे लक्षण आहे, तर हृदयाच्या बहुतेक प्राथमिक तपासण्या माणसाला आडवे निजवून, म्हणजे हृदय सर्वांत कमी काम करत असताना केल्या जातात. निजलेल्या माणसाचा अहवाल आणि चढण चढणाऱ्या माणसाचे हृदय यांत त्यामुळे जे अंतर पडते, ते ध्यानात घेतल्याशिवाय चांगल्या अहवालाचाही अर्थ नीट लागत नाही आणि वाईट अहवालाचाही नाही.

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीत दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पाठवते. तोच माणूस धावू लागला की हे प्रमाण चौपटीपर्यंत, म्हणजे २० लिटरच्या आसपास जाऊ शकते. विश्रांतीतली गरज आणि कमाल ताकद यांमधल्या या शिलकीला हृदयाची राखीव क्षमता म्हणतात, आणि मध्यमवयात सुरू होणारे बहुतेक हृदयविकार प्रथम या शिलकीवरच हात टाकतात. घरची गंगाजळी किती आटली आहे हे रोजच्या भाजीपाल्याच्या खर्चावरून कळत नाही, घरात लग्नकार्य निघाले की कळते. त्याचप्रमाणे राखीव क्षमता निम्मी झालेला माणूस खुर्चीत बसून बोलताना, जेवताना, संगणकापुढे काम करताना पूर्ण ठीक असतो, आणि रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या चढताना मात्र मध्येच कठड्याला धरून उभा राहतो.

ही शिलक नेमकी कुठे खर्ची पडते हे समजण्यासाठी एका ठोक्याच्या वेळेचा हिशेब पाहावा लागतो. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग असतात: आकुंचन, ज्यात रक्त बाहेर फेकले जाते, आणि प्रसरण, ज्यात हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे निलये, पुन्हा भरली जातात. मिनिटाला ६० ठोके पडत असताना एका ठोक्याला एक पूर्ण सेकंद मिळतो व त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ प्रसरणाच्या वाट्याला येतो. ठोके १५० वर गेले की संपूर्ण ठोकाच ०.४ सेकंदात आटोपतो, आणि आकुंचनाचा काळ फारसा आखडता येत नसल्यामुळे जवळजवळ सगळी काटछाट प्रसरणावर येऊन त्याच्या हाती फार तर सेकंदाचा पाचवा हिस्सा उरतो. या तोकड्या वेळात दोन कामे उरकायची असतात. एक, फुप्फुसांकडून आलेले रक्त डाव्या निलयात भरून घेणे. दुसरे, खुद्द डाव्या निलयाच्या जाड स्नायूला करोनरी धमन्यांतून रक्त पुरवणे, कारण आकुंचनाच्या वेळी हा स्नायू आपल्याच पोटातल्या रक्तवाहिन्या आवळून धरत असल्याने त्याला मिळणारे बहुतेक रक्त प्रसरणातच मिळते. म्हणून मिट्रल झडप अरुंद झालेली असो, निलयाची भिंत ताठर झालेली असो किंवा करोनरी धमनीत मेदाचा थर साचलेला असो, तिन्ही विकार निरनिराळे असूनही त्यांची पहिली कुरबुर एकाच प्रसंगी, नाडी जलद झाली की, ऐकू येते.

करोनरी धमन्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शरीरातले इतर स्नायू विश्रांतीत रक्तातल्या ऑक्सिजनचा लहानसा हिस्साच उचलतात आणि गरज वाढली की अधिक उचलतात; हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतच ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेत असतो, त्यामुळे श्रमात त्याला वाढीव ऑक्सिजन हवा असेल तर रक्तप्रवाह वाढण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ के. लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या, कुत्र्यांवरील प्रयोगांत असे आढळले की धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह जवळजवळ बदलत नाही, परंतु कमाल प्रवाहाची क्षमता व्यास निम्म्यावर येण्याच्या सुमारासच घटू लागलेली असते. या दोन मर्यादांच्या मधला जो लांबलचक टप्पा आहे, त्यात माणूस वर्षानुवर्षे वावरतो. विश्रांतीत काढलेला ईसीजी त्याच्याबद्दल काही बोलत नाही आणि जिना मात्र बोलतो.

हृदयाच्या अडचणीची जाणीव श्वासातून का व्हावी, याचे उत्तर हृदय आणि फुप्फुसे यांच्या जोडणीत आहे. डावे निलय वेळेत भरून घेऊ शकले नाही की त्याच्या वरच्या कप्प्यातला, म्हणजे डाव्या अलिंदातला दाब वाढतो, तो दाब मागे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, त्या फुगतात, भोवतालच्या उतींत द्रव झिरपू लागतो आणि फुप्फुसे जड व ताठर होऊन प्रत्येक श्वासाला अधिक बळ लागू लागते. या केशवाहिन्यांच्या लगत असलेल्या सूक्ष्म संवेदी मज्जातंतूंचा शोध भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक अवतारसिंग पैंटल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात लावला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक आणि पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक झालेल्या या संशोधकाने वर्णिलेले ‘जे ग्राही’ आज जगभरच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत आहेत. उतींत द्रव साचू लागला की हे ग्राही चेतवले जातात आणि श्वास उथळ व जलद होतो. धाप ही केवळ ऑक्सिजन कमी पडल्याची खूण नसते, हे यावरून स्पष्ट होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ हा आकडा दिसत असतानाही हृदयामुळे लागलेली धाप खरी असू शकते, आणि त्या आकड्यावर विसंबून रुग्णाची तक्रार मोडीत काढणे चुकीचे ठरते.

छातीत दुखले तर हृदय आणि दम लागला तर फुप्फुस किंवा वजन, अशी जी ढोबळ वाटणी लोकांच्या मनात असते, ती तर अधिकच घातक आहे. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अंजायनाचे जे वर्णन सादर केले, त्यात चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना छातीत येणारी आणि उभे राहताच ओसरणारी वेदना होती, आणि गेली अडीचशे वर्षे हृदयविकाराचे लोकांच्या मनातले चित्र तेच राहिले आहे. परंतु मधुमेही, वृद्ध आणि विशेषतः स्त्रिया यांच्यात हृदयस्नायूला होणारा अपुरा रक्तपुरवठा पुष्कळदा वेदनेऐवजी केवळ धाप किंवा अनाकलनीय थकवा या रूपाने प्रकटतो. अमेरिकेत हृदयाच्या ताणचाचणीसाठी आलेल्या सुमारे १८ हजार रुग्णांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात करोनरी विकार पूर्वी माहीत नसलेल्या पण धाप लागणाऱ्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने आकस्मिक मृत्यू येण्याचा धोका लक्षणे नसलेल्यांच्या चौपट, आणि ठसठशीत अंजायना असणाऱ्यांच्याही दुपटीहून अधिक आढळला. छातीत दुखत नाही म्हणून हृदय ठीक आहे, हा दिलासा या निष्कर्षापुढे टिकत नाही.

भारतीय उपखंडातल्या वाचकाने त्यात वयाचीही भर घालावी. ५२ देशांत केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती वेगळी काढून तपासली असता पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे त्यांचे सरासरी वय ५३ वर्षे निघाले, तर इतर देशांतल्या रुग्णांचे ते ५९ च्या जवळ होते. धूम्रपान, रक्तातील मेदांचे बिघडलेले प्रमाण, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळभाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव अशी नेहमीचीच कारणे इथेही होती. ती इथे लवकर वयात एकत्र येत होती, एवढाच फरक होता. चाळिशीतल्या धापेला ‘अजून वय कुठे आहे’ असे म्हणून बाजूला सारणे या भूभागात तरी परवडणारे नाही.

म्हणून तपासण्यांच्या आधी येतो तो वृत्तांत, आणि त्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याच माणसाच्या पूर्वीच्या क्षमतेशी केलेली तुलना. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ साली ठरवलेली चार पायऱ्यांची प्रतवारी आजही वापरात आहे: पहिल्या पायरीवर नेहमीच्या कामात काहीच त्रास नसतो, दुसरीवर नेहमीच्या कामाने, तिसरीवर त्याहून हलक्या कामाने धाप लागते, आणि चौथीवर बसल्याजागीही. तिची मर्यादा अशी की ‘नेहमीचे काम’ प्रत्येकाचे वेगळे असते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या बाईंना गेल्या दिवाळीपासून अर्ध्या वाटेवर दोनदा बसावे लागत असेल, तर प्रतवारीत त्या अजून पहिल्या पायरीवरच असतील, पण घसरण झालेली आहे आणि तिची चौकशी व्हायला हवी. उलट दिशेची फसगत अधिक सार्वत्रिक आहे. माणूस नकळत त्रासाला वळसा घालतो, लिफ्ट घेऊ लागतो, बाजारातल्या पिशव्या मुलांच्या हाती देतो, चढाचा रस्ता सोडून लांबचा सपाट रस्ता धरतो, आणि मग विचारल्यावर अगदी प्रामाणिकपणे ‘काही त्रास नाही’ असे सांगतो. त्रास होतो का, हा प्रश्न त्यामुळे अपुरा आहे. गेल्या वर्षी जे करत होता त्यातले आता काय करत नाही, असे विचारले की खरे उत्तर बाहेर येते, आणि बरेचदा ते शेजारी बसलेली पत्नी किंवा मुलगी देते. पाठीवर सपाट निजल्यावर धाप लागून उशांची संख्या वाढवावी लागणे, मध्यरात्री गुदमरून जाग येणे, संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटणे याही खुणा याच चौकशीत समोर येतात.

ईसीजी ही हृदयाच्या विद्युत-लहरींची नोंद आहे. नेदरलँड्समधल्या लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती व्यवहार्य केली आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. येऊन गेलेला झटका, ठोक्यांची अनियमितता, विद्युत-वहनातला अडथळा, जाड झालेले निलय यांची चाहूल तीत लागते, पण स्थिर अंजायनाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा विश्रांतीतला ईसीजी पूर्ण निर्दोष असतो. दुसऱ्या बाजूने, यंत्रच छापून देत असलेल्या ‘अविशिष्ट एसटी-टी बदल’ या शेऱ्यामागे रक्तातल्या पोटॅशियमचे प्रमाण, चालू औषधे, जलद श्वास किंवा रक्तदाब यांपैकी काहीही असू शकते, आणि विद्युत-वहनाच्या उजव्या शाखेतील अर्धवट अवरोध हा तर असंख्य निरोगी माणसांत आयुष्यभर असतो. डाव्या शाखेतील पूर्ण अवरोध मात्र, धाप असो वा नसो, पुढील तपासणीखेरीज सोडून देऊ नये.

एको, म्हणजे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मिळवलेले हृदयाचे चलच्चित्र, याची सुरुवात १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकीतज्ज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या गोदीत धातूतले दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र उसने आणून केली. झडपांचे विकार ओळखण्यात आजही या तपासणीची बरोबरी कोणी करत नाही. बालपणीच्या संधिवातज्वराने अरुंद झालेली मिट्रल झडप, जिचा रोग भारतात अजून संपलेला नाही, आणि जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असल्यामुळे पन्नाशी-साठीपर्यंत कठीण होत जाणारी महाधमनीची झडप, हे दोन्ही विकार एकोवर स्पष्ट दिसतात. महाधमनीची झडप फारच अरुंद झाली आणि धाप, भोवळ किंवा अंजायना सुरू झाला, तर झडप बदलल्याखेरीज आयुष्य थोड्या वर्षांचेच उरते, त्यामुळे ही धाप वेळीच ओळखली गेली तर मिळणारा लाभ फार मोठा असतो.

अहवालातला जो आकडा मात्र सगळे आधी शोधतात तो इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे निलयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडते त्याचा. निलयात १२० मिलिलिटर रक्त भरून ७० बाहेर पडत असेल तर तो ५८ टक्के येतो, आणि ५५ ते ७० च्या दरम्यानचा आकडा पाहून सगळे निश्चिंत होतात. आता जाड, ताठर भिंतींच्या एखाद्या निलयात ८० मिलिलिटरच भरते व ५० बाहेर पडते असे धरले, तर आकडा ६२ टक्के, म्हणजे पहिल्यापेक्षा सरस येतो, पण शरीराला मिळणारे रक्त प्रत्येक ठोक्याला २० मिलिलिटरने कमी झालेले असते. हृदयाच्या अकार्यक्षमतेच्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत असतो, तो याच कारणामुळे. त्यांच्यात बिघाड उपसण्यात नसून भरण्यात असतो. लठ्ठपणा, दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह आणि वाढते वय यांच्या संगतीने हा विकार वाढतो, आणि पुष्कळ रुग्णांत अलिंदातला दाब विश्रांतीत जवळपास सामान्य राहून पायांनी सायकल चालवायला लावली की पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या वर उसळतो. निजलेल्या अवस्थेतला एको अशा माणसाला निर्दोष ठरवून घरी पाठवू शकतो. रक्तातील एनटी-प्रोबीएनपी या, ताणलेल्या हृदयातून स्रवणाऱ्या द्रव्याची चाचणी इथे मदतीला येते, परंतु लठ्ठ व्यक्तींत तिचा आकडा मुळातच कमी येत असल्यामुळे ज्यांना या विकाराचा संभव सर्वाधिक त्यांच्यातच ती फसवू शकते, हे लक्षात ठेवावे लागते.

‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ या भयंकर वाटणाऱ्या शब्दांचा अर्थही इथेच उलगडतो. तरुणपणी निलय लवचीक असल्यामुळे प्रसरणाच्या पहिल्या क्षणीच बहुतेक रक्त आत येते आणि अलिंदाच्या अखेरच्या धक्क्याला थोडेच काम उरते. वय वाढते तशी पहिली लाट मंदावते व अखेरच्या धक्क्यावरची भिस्त वाढते, आणि साठीच्या सुमारास ही अदलाबदल कितीतरी निरोगी माणसांत दिसते. तक्रार नसलेल्या माणसाच्या अहवालातला हा शेरा रक्तदाब तपासण्याची आणि वजनाकडे पाहण्याची आठवण म्हणून घ्यावा, रोगाचे निदान म्हणून नव्हे. तोच शेरा जिना चढताना दमणाऱ्या, रक्तदाब असलेल्या स्थूल माणसाच्या अहवालात असेल, तर मात्र श्रमाच्या अवस्थेत हृदय तपासण्यास तो पुरेसे कारण ठरतो.

श्रमातली सर्वपरिचित तपासणी म्हणजे टीएमटी, अर्थात सरकत्या पट्ट्यावर चालवत घेतलेला ईसीजी. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेल्या क्रमाप्रमाणे दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेला जातो: आधी ताशी २.७ किलोमीटर, मग ४, मग ५.५. वय २२० मधून वजा केले की कमाल नाडीचा ढोबळ अंदाज येतो आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी पोहोचणे अपेक्षित असते. पन्नाशीच्या माणसाला ती १४५ च्या आसपास न्यावी लागते. ईसीजीतील एसटी ही रेषा एक मिलिमीटर किंवा अधिक खाली उतरली आणि सपाट किंवा उतरती राहिली तर चाचणी ‘पॉझिटिव्ह’ ठरते.

या शब्दाने जेवढी घबराट पसरते तेवढी दुसऱ्या कुठल्याही अहवालाने पसरत नसेल, म्हणून त्याचे गणित सविस्तर पाहणे भाग आहे. सुमारे दीडशे अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण १९८९ साली प्रसिद्ध झाले, त्यात ही चाचणी करोनरी विकार असलेल्या शंभरांपैकी ६८ जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरांपैकी ७७ जणांना निर्दोष ठरवते असे सरासरीने दिसले. म्हणजे निरोगी शंभरांपैकी २३ जणांच्या माथी ती दोष मारते. समजा, कसलीही तक्रार नसलेल्या, चाळिशीच्या एक हजार स्त्रियांची ही चाचणी केली आणि त्यांच्यातील ५० जणींना खरोखर विकार आहे असे धरले. त्या ५० पैकी ३४ जणींची चाचणी पॉझिटिव्ह येईल, पण उरलेल्या ९५० निरोगी स्त्रियांपैकीही सुमारे २१९ जणींची येईल. घाबरून डॉक्टरांसमोर बसलेल्या या २५३ जणींत खरी रुग्ण सातांमागे जेमतेम एक असेल. आता साठीच्या, चढावर छाती भरून येणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या एक हजार पुरुषांची तीच चाचणी केली आणि त्यांच्यातील ८०० जणांना विकार आहे असे धरले, तर पॉझिटिव्ह आलेल्या ५९० जणांपैकी ५४४, म्हणजे ९२ टक्के खरे रुग्ण निघतील. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती घेऊन सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या ४१० जणांपैकी २५६ जणांना विकार असेलच. चाचणी तीच, यंत्र तेच, रेषेचा उतार तोच, आणि अर्थ मात्र उलटासुलटा, कारण अहवालाला अर्थ येतो तो चाचणीपूर्वीच्या संभवामुळे, आणि तो संभव वय, वृत्तांत व धोक्याचे घटक यांतूनच ठरतो. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातले हे तत्त्व जॉर्ज डायमंड आणि जेम्स फॉरेस्टर यांनी १९७९ साली करोनरी विकाराच्या निदानाला लावून दाखवले. तक्रार नसलेल्यांना तपासणीच्या पॅकेजमध्ये सरसकट टीएमटी देण्याची प्रथा त्यामुळे अशास्त्रीय ठरते. तिच्यातून रोग सापडण्यापेक्षा भीती आणि पुढचा खर्च अधिक निर्माण होतो.

टीएमटीच्या कागदावर आणखी एक ओळ असते, जी क्वचितच कोणी वाचते: माणूस किती वेळ चालला आणि किती ‘मेट’ गाठले. निवांत बसलेल्या माणसाला लागणाऱ्या ऑक्सिजनला एक मेट म्हणतात. ब्रूस क्रमाची तिसरी पायरी पूर्ण करणारा सुमारे १० मेट गाठतो. अमेरिकेतील ६,२१३ पुरुषांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षमता एका मेटने अधिक असली की जिवंत राहण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली, आणि मृत्यूचे भाकीत करण्यात हा आकडा इतर सर्व धोक्याच्या घटकांहून सरस ठरला. १२ मिनिटे चाललेल्या माणसाच्या किंचित उतरलेल्या रेषेपेक्षा तीन मिनिटांत थांबावे लागलेल्या माणसाची सरळ रेषा अधिक काळजीची असू शकते.

संशय मधल्या पट्ट्यात असेल तर आता सीटी करोनरी अँजिओग्राफी उपयोगी पडते, कारण तिच्यात धमन्यांच्या भिंतींत साचलेला मेदही दिसतो आणि तो दिसला की प्रतिबंधक औषधे वेळीच सुरू होतात. परंतु अडथळा दिसला म्हणजे तो ताबडतोब स्टेंट घालून उघडलाच पाहिजे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. ‘इस्केमिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्णांना घेतले गेले. त्यांतल्या एका गटाला औषधांबरोबर आधीच अँजिओग्राफी आणि शक्य तेथे स्टेंट किंवा बायपास, तर दुसऱ्याला केवळ उत्तम औषधोपचार मिळाले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ पाहिल्यावर मृत्यू व झटके यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना वारंवार अंजायना होत होता त्यांना मात्र पहिल्या मार्गाने आराम अधिक मिळाला. डाव्या मुख्य धमनीतला मोठा अडथळा आणि दुबळे झालेले हृदय असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, म्हणून त्यांना हा निष्कर्ष लागू करता येत नाही. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराने धाप व छातीतले दडपण येऊ शकते, आणि असा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणून अशा रुग्णाला मनाचे खेळ म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

विचार करायला मिळालेली ही सवड केवळ स्थिर तक्रारीपुरती आहे. छातीतले दडपण विश्रांतीतही पंधरा-वीस मिनिटे न ओसरणे, त्यासोबत दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ येऊन पडणे, एकाएकी लागलेली धाप, एका पायाची सूज येऊन मग लागलेली धाप, किंवा काही दिवसांत झपाट्याने कमी कमी श्रमात येऊ लागलेला त्रास, यांपैकी काहीही घडले तर टीएमटीची तारीख घेत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा किंवा ओवा घेऊन काढलेली रात्र अनेक घरांत अखेरची ठरली आहे.

आणि तरीही मध्यमवयातली प्रत्येक धाप हृदयाची नसते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते, म्हणजे १५ ग्रॅम असताना दर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि हिमोग्लोबिन साडेसातवर आले की तो निम्मा होतो. ती तूट भरून काढण्यासाठी निरोगी हृदयालाही सतत जलद धावावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत, गर्भाशयातल्या गाठींमुळे महिनोन्महिने अतिस्राव सोसणारी आणि त्याबद्दल घरात अवाक्षर न काढणारी स्त्री धाप लागते म्हणून येते, तेव्हा तिच्या हाती टीएमटीची चिठ्ठी देण्याआधी स्वस्तातली रक्ततपासणी व्हावी, ही साधी गोष्ट आहे आणि ती अनेकदा राहून जाते. थायरॉइडचे विकार, मूत्रपिंडाची दुर्बलता, बीटा-ब्लॉकर औषधांनी रोखून धरलेली नाडी हीदेखील कारणे असतात. फुप्फुसांसाठी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकर मारायला लावून हवेचा वेग मोजणारी चाचणी, करावी लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांप्रमाणेच आयुष्यभर चुलीच्या धुरापुढे स्वयंपाक केलेल्या, कधीही विडीला न शिवलेल्या स्त्रियांतही फुप्फुसांचा जुनाट अवरोधी विकार आढळतो. एवढे करूनही उलगडा झाला नाही तर तोंडावर मुखवटा लावून सायकल चालवायला लावणारी आणि प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजणारी चाचणी हृदय, फुप्फुसे व स्नायू यांपैकी कोणता दुवा आधी तुटतो ते दाखवते.

कधी कधी तुटणारा दुवा केवळ सरावाचा असतो, आणि हे कारणही गंभीरपणे घेण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवले गेले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले असता वयामुळे झालेली घसरण त्या तीन आठवड्यांच्या घसरणीपेक्षा कमी भरली, आणि सहा महिन्यांच्या सरावाने ते तीस वर्षांपूर्वीच्या मूळ क्षमतेवर परतले. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या, बैठे आयुष्य काढलेल्या पण निरोगी स्त्री-पुरुषांनी दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम केला, तेव्हा त्यांची कमाल क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि डाव्या निलयाचा ताठरपणा मोजण्याइतका कमी झाला. ज्यांच्या धमन्यांत वा झडपांत दोष नसल्याची खात्री झाली आहे, अशा दमणाऱ्या माणसासाठी उपचार म्हणून आज याहून अधिक भरवशाचे काही उपलब्ध नाही. आणि ज्यांचा इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत असूनही हृदय अकार्यक्षम झालेले आहे, त्यांच्यासाठी वजन उतरवणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि देखरेखीखालचा व्यायाम यांच्या जोडीला एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, मूळची मधुमेहाची औषधे २०२१ पासून आली आहेत, ज्यांनी रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी येते असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे.